परतीचं पायडल

पाच पोती कोळशाच्या भारानं झगरू महतोच्या सायकलीच्या मागच्या चाकाचं हब, मधला तुंबा, तडकलं. रामगढच्या मुस्तकीम मिस्त्रीनं ते निरखून पाहिलं.

"चाचा, सायकलचं नवं हब महिनाभरात असंच फुटेल. मोपेडचं जुनं बसवलं, तर तुमच्यापेक्षा जास्त जगेल. पण त्याला चेन बसत नाही."

"मग परतताना?"

"पाय आहेत की."

 कोळसा लादून रांचीपर्यंत दोन दिवस सायकल ढकलायची ती परतीच्या त्या एका स्वारीसाठी. रिकाम्या सायकलीवर झगरू सतरा वर्षं राजासारखा बसून, पायडल मारत गावात शिरायचा. शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही पायडलं काढून मिस्त्रीपुढे ठेवली.

कोळसा विकून परतताना तो रिकामी सायकलही वाकूनच ढकलत होता.