मावसांचे तीन नकार

मावसांच्या डोक्यावर तारांची टोपी नीट बसवायला मला तीन दिवस लागले. त्यातले दोन मावशीच्या तेलात गेले. पुण्याहून भाची मशीन घेऊन येणार, तिला नवऱ्याचं डोकं कोरडं कसं दिसू द्यायचं, म्हणून तिने रोज सकाळी वाटीभर खोबरेल जिरवलं. मेंदूतले संकेत इतके क्षीण असतात की तेलाचा थर त्यांना तारांपर्यंत येऊ देत नाही. शिकेकाईने दोनदा डोकं धुतलं, तेव्हा कुठे पडद्यावर धड रेघा उमटल्या.

मेंदूच्या संकेतांवर चालणारी साधनं बनवणं हे माझं संशोधन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि अकरावी-बारावी मी सारंगखेड्याला याच मावसांच्या घरी राहून केली. ते घोड्यांचे व्यापारी. लकव्याने त्यांची वाचा गेली, हातपाय थांबले, मान आणि पापण्या हलायच्या त्या आपोआप, त्यांच्या ताब्याबाहेर. ऐकू येई, स्पर्श जाणवे, कळे सगळं. सांगता काही येत नसे. त्यात थोरला मावसभाऊ त्यांची पांढरी घोडी विकायला निघाला होता. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. घोडी मावसांची, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं, कारण उत्तर मिळणार नव्हतं. ते मिळवून देण्याचं मी अंगावर घेतलं.

‘हो’ म्हणायचं तर मनातल्या मनात उजवी मूठ आवळायची, ‘नाही’साठी डावी. त्याप्रमाणे पडद्यावर हिरवा किंवा लाल चौकोन येतो. यंत्र मुठी ओळखायला शिकलं की उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारून खात्री करायची.

“मावसा, हाई मावशी तुमनी बायको शे ना?”

लाल.

मावशीने पदर खोचला. “इतला वरीस भाकरी थाप्यात, आन आते बायको नही?”

भाऊ ओट्यावरून ओरडला, “बाई, तुन्ही मशीनले भी लकवा मारी गया का?”

मी तारा तपासल्या, प्रोग्रॅम तपासला, टोपी काढून पुन्हा घातली. मावसा स्वतःच्या घरात राहत नव्हते, त्यांना मुलगे नव्हते, त्यांनी आयुष्यात घोडा पाहिला नव्हता. सगळं लाल. दुसऱ्या दिवशी मावशी चहा घेऊन आली आणि वैतागून विचारत राहिली, लेवाना का? लाल. लेवाना का? लाल. पुन्हा लाल. चौथ्यांदा हिरवा.

मावशी कपाळावर हात मारून हसायला लागली. “अवं, त्या पहिला डाव कशालेच हा म्हनतस नही! व्यापारी मानूस. मन्हा बाप सोयरीक लई गया, तवय भी तीन डाव नही म्हनेल व्हतात.”

मग मी प्रत्येक प्रश्न चारदा विचारला. ‘हो’ असेल तिथे तीन लाल, चौथा हिरवा. खरोखरच ‘नाही’ असेल तिथे चारही लाल. मी आनंदाने पुण्याला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला.  ते म्हणाले, “हे शोधनिबंधात कसं लिहिणार आहेस?”

रविवारी गिऱ्हाईक आलं. गुजरातकडचे जुने व्यापारी, मावसांच्या ओळखीचे. भाऊशी बोलण्याआधी ते खाटेजवळ बसले, मावसांचा लुळा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. घोड्यांचा सौदा असाच होतो, रुमालाखाली बोटं दाबून, चारचौघांना भाव कळू न देता. त्यांनी बोटं दाबली. लाल.

“भाव वाढावी ऱ्हायनात बाबा!” भाऊ खूश झाला.

पाहुण्यांनी पुन्हा दाबली. लाल. तिसऱ्यांदा लाल. आता घरातले सगळे पडद्याकडे वाकले. पाहुण्यांनी घाम पुसला. “सेठ, अब तो हाँ बोलो.”

चौथ्यांदाही लाल.

“अजून थोडं,” भाऊ पाहुण्यांना म्हणाला. “मोठा सौदा शे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा नकार घोडी विकायला की सांगितलेल्या किमतीला? माझ्या चारच्या नियमात सौद्याची सोय नव्हती. चुकीचं सांगितलं तर घोडी जाणार होती.

मावशीने पाहुण्यांचा रुमाल उचलून बाजूला ठेवला. ती मावसांच्या कानाशी वाकली. “घोडी आपलाच घर ठेवानी का?”

हिरवा. पहिल्याच झटक्यात, मी यंत्रावर कधी पाहिला नव्हता इतक्या लवकर.

पाहुणे मोठ्याने हसले, मावसांच्या खांद्यावर थाप मारून चहाला थांबले. भाऊ मात्र घुश्शात होता. “मंग तिन्ही सेवा कोन करी?”  सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी तो अंगणात घोडीला खरारा करत होता. मावसांची खाट दारात आणली होती, टोपी अजून डोक्यावरच. भाऊच्या हाताच्या प्रत्येक फटक्याला पडद्यावर लाल, लाल, लाल, लाल, लाल.

“बिघडनी का वं तुन्ही मशीन?” भाऊने विचारलं.

“नही भाऊ,” मी म्हटलं, “मशीन बराबर शे.”

 त्याने खरारा दुसऱ्या हातात घेतला आणि मानेपासून पुन्हा सुरुवात केली.