बाजारादिवशीचा वर्ग

हरणाबाई पहिल्यांदा पलूसच्या कॉलेजात गेली आणि तिनं प्रवेशाचा अर्ज मागितला, तेव्हा खिडकीतल्या नाथाजी क्लार्कनं मान वर न करताच विचारलं, "पोरगी कुठंय, मावशी? सही तिचीच लागती."

"पोरगी न्हाई. मीच हाय."

नाथाजीनं मग मान वर केली. समोर चाळिशीची बाई, खांद्याला आशा कार्यकर्तीची पिशवी. त्यानं अर्ज पुढं सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं, "इथं पालकाची सही."

हरणाबाईचं माहेर म्हसवडकडचं. बापाच्या मेंढरांमागं निम्मं वर्ष रानोमाळ जायचं, तरी तिनं दहावी काढली. मग लग्न होऊन पलूसजवळच्या कुंडलला आली. नवरा गुंडा उसाच्या शेतात आणि ही गावात. चौदा वर्षं आशा म्हणून राबली. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या बाळाची लस राहिलीय, सगळं तोंडपाठ. पण तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलगी तिच्यावर गटप्रवर्तक होऊन आली आणि सही कुठं करायची ते दाखवू लागली, तेव्हा तिच्या मनानं घेतलं. त्या पदाला पदवी लागते. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिनं बारावी काढली. घरी बसून पुढचं शीक, असं सगळे म्हणाले. पण तिला वर्गात बसायचं होतं. फळ्यासमोर.

वर्ग साडेदहाचा. आठवड्यातून दोनदा लसीकरण, मध्येच एखादीची बाळंतपणाची घाई. दोन महिन्यांत तिचं नाव गैरहजर मुलांच्या यादीत लागलं. खाली सूचना होती, पालकांना घेऊन भेटणे.

गुंडा पोट धरून हसला. सासू रंगूबाई मात्र हसली नाही. सत्तरीची, अक्षरओळख नसलेली बाई. म्हणाली, "मी येते. पालकच बोलावलाय न्हवं?"

उपप्राचार्य धैर्यशील सरांनी दोघींना खुर्च्या दिल्या. "आजी, तुम्ही कुणाच्या पालक?"

"हिच्या. सून हाय माजी." रंगूबाईनं पदर सारखा केला. "आवं सर, गेल्या बुधवारी ही एका अडलेल्या बाईला घेऊन दवाखान्यात बसली हुती. दोन जीव सुखरूप घरी आणलं. आन तुमी हिला गैरहजर लावलंसा. ही गैरहजर न्हवती, कामावर हजर हुती."

हरणाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर म्हणाले, "आजी, तुमचं बरोबर आहे. पण एकट्या बाईसाठी वेळापत्रक कसं बदलू?"

"एकटी कशी, सर?" हरणाबाई पहिल्यांदाच बोलली. "लय जणी हायत."

"किती?"

"मोजून सांगते."

घरोघर फिरून माहिती काढणं हे तर तिचं रोजचंच काम. तीन आठवडे ती वही घेऊन हिंडली. कितवीपर्यंत शिकलात, का सुटलं, आता शिकायचंय का, कवा जमंल? द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या शालूबाईनं बारावीचा दाखला अठरा वर्षं ट्रंकेत जपला होता. तो काढून तिनं पदरानं पुसला आणि मग पुढं धरला. फौजेतून परतलेले भाऊसो म्हणाले, "पोरांच्यात बसायची लाज वाटती, हरणाबाई. न्हाईतर आजच येतो." वहीत त्रेपन्न नावं झाली.

वही बघून सर म्हणाले, "मग संध्याकाळचा वर्ग काढू."

"संध्याकाळी न्हाई जमायचं. धारा असत्यात, चुली असत्यात, शेवटची एसटी असती. बाजारादिवशी ठेवा. त्या दिवशी मजुरीला सुट्टी. बाया पलूसला येत्यातच. आन रविवारी."

प्राध्यापकांत कुरबूर झाली. कॉलेज चालवायचंय की बाजार, असंही एकजण म्हणाले. धैर्यशील सरांनी वाद घातला नाही. विद्यापीठाच्या नियमांत बसवून त्यांनी वेळापत्रक केलं आणि पहिला तास स्वतः घेतला. एकोणीसजण आले. भिंतीकडेला भाजीच्या पिशव्या, वर्गभर मेथीचा वास. सर आत आले तसे भाऊसो ताडकन सावधानमध्ये उभे राहिले आणि त्यांचं बघून सगळा वर्ग उभा राहिला. नाथाजी आता बाजारादिवशी खिडकी पाचपर्यंत उघडी ठेवू लागला. पालकाच्या रकान्यात 'स्वतः' असं लिहायलाही त्यानंच शिकवलं.

दुसऱ्या वर्षी हरणाबाई इंग्रजीत गेली. आठ मार्क कमी पडले. सगळ्यांना वर्गात आणणारी बाई आणि तीच नापास! दोन दिवस तिनं कुणाला तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी शालूबाई पुस्तक घेऊन दारात उभी. "मला येतंय तेवढं मी सांगते. तुझं तू वाच. मोठ्यानं." दोघी रोज दुपारी बागेच्या बांधावर बसून मोठ्यानं वाचत. उच्चार चुकला की आजूबाजूच्या बायका हसत, आणि हसता हसता त्यांनाही चार शब्द येऊ लागले. पुढच्या खेपेला हरणाबाई सुटली. पदवी दुसऱ्या वर्गात मिळाली आणि वर्षभरानं गटप्रवर्तकाच्या नेमणुकीचं पत्रही हातात पडलं.

आता वेळापत्रक ठरवण्याआधी, दर मे महिन्यात, धैर्यशील सर दोन प्राध्यापकांना घेऊन आसपासच्या गावांत फिरतात. काय शिकवू, हे विचारत नाहीत. तुम्हाला कधी जमेल, हे विचारतात. कुठल्या घरी कुठल्या वेळी गेलं की बाई दोन शब्द मोकळेपणानं बोलेल, ते हरणाबाईला ठाऊक. म्हणून ती पुढं चालते आणि सर वही घेऊन तिच्या मागं.