बिब्ब्याचा डाग

"मेलानोमा," यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तळपायावरही होतो." मी फुलसावंगीची शिलाईवाली, साधी सुपारी न खाणारी. मला रडू आलं नाही, राग आला.

राग आधी स्वतःचाच. दीड वर्षापूर्वी कापूस वेचताना पऱ्हाटीचा खुंट उजव्या टाचेत घुसला. माझी जाऊ शांताबाई हिनं बिब्बा तापवून चटका दिला. आपल्याकडे काटा रुतला की बिब्बा, हे ठरलेलंच. जखम भरली, काळा डाग राहिला. तो पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, मशीनचं पायडल मारताना ओल लागू लागली. कोणी विचारलं की आम्ही दोघी एका सुरात सांगायचो, "बिब्ब्याचा हाय." गावातल्या डॉक्टरलाही तेच सांगितलं. त्यानं मलम दिलं.

महागावच्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, "बिब्बा लावून किती दिवस झाले?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, बिब्ब्याचा डाग वाढत नसतो." त्यांनी चिठ्ठी लिहून यवतमाळला पाठवलं. तिथं बायोप्सी झाली, म्हणजे तपासायला छोटा तुकडा काढला. त्याचा रिपोर्ट हा असा आला. आता पुढं नागपूरचं कॅन्सर हॉस्पिटल.

घरात सभाच भरली. चुलतसासरे म्हणाले, "तिथं पाय कापतात. जडीबुटीवाला पाहू." मी म्हटलं, "मामाजी, पाय माहा हाय. काय करायचं ते मी पाहीन."

नागपूरच्या खिडकीवर कळलं, नुसता रिपोर्ट चालत नाही, ब्लॉक हवा. ब्लॉक म्हणजे मेणात जपून ठेवलेला तोच तुकडा. मागितला तर देतात, पण मागायचा असतो हे कोणी सांगत नाही. तुमच्यावर वेळ आलीच तर बायोप्सी झाली तिथून निघतानाच ब्लॉक मागा. मी परत यवतमाळला आले. तिथला माणूस म्हणाला, उद्या या. "गाव लांब हाय, साहेब. मी इथंच बसून राह्यते." सोबत आलेल्या शांताबाईनं बाकावर भाकरीचं फडकं सोडलं. भाकर संपायच्या आत ब्लॉकची डबी हातात होती.

नागपूरला डाग आजूबाजूच्या मांसासकट काढला, मांडीची कातडी टाचेला लावली. रोग पसरला तर आधी जिथं पोचतो, ती जांघेतली पहिली गाठ तपासली. ती साफ निघाली. पाय वाचला. ठरल्या तारखेला तपासणीला जाते, आणि जाताना भीती वाटते. ती वाटू दे, बस चुकवत नाही. महागावच्या त्या एका प्रश्नाचे उपकार मी विसरणार नाही.

आता ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बाईला मी आधी तळपाय दाखवायला लावते. बाया हसतात. परवा एकीच्या टाचेवर काळं दिसलं. ती पाय ओढून घेत म्हणाली, "काही नाही वं, बिब्ब्याचा हाय."

शांताबाई काजं करत बसली होती. तिनं सुई कापडात खोचली आणि उठली.

"मी बी हेच म्हणत होती," ती म्हणाली. "घाल चप्पल. महागावले चाल."