पाइपला लागलेलं कुंकू

"पाइप तडकला तो सासूबाईंच्या कढत पाण्यानं," जावईबापू मला सांगत होते. "थर्मल एक्सपान्शन."

पांढुर्ण्यात एका रिटायर्ड गुरुजींच्या अंगणात आम्ही उभे होतो. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. मी प्लंबर. जावईबापू भोपाळकडे ज्युनिअर इंजिनिअर, खिशाला दोन पेन. माडीवर गुरुजींची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ तीन आठवड्यांचं. तिच्या मोरीचं पाणी भिंतीवरच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या पाइपातून खाली येई. पाइपला वीतभर चीर गेली होती आणि पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरत होतं. जावईबापूंनी दोन दिवस आंघोळी बंद ठेवल्या होत्या. यापुढे फक्त कोमट पाणी, असा हुकूमही काढला होता.

काकू, म्हणजे याच सासूबाई, दारात आल्या. "बाळंतिणीले कोमट पाणी? मिस्त्री, तुमीच सांगा यायले."

"पाहू द्या काकू आधी."

गुरुजी गप्प होते. अख्खी शाळा गप्प करणारा माणूस इतका गप्प का, हे मला कळेना.

चीर छातीच्या उंचीवर होती. कढत पाणी वरून येतं, पण वरचे जोड ठणठणीत होते. चिरेजवळ पेंट गोल घासला गेला होता. शेजारी कुंकू फासलेलं आणि थोडा हिरवा रंग. नालीच्या पाइपची पूजा करणारं घर मी तोवर पाहिलं नव्हतं. पोळ्याला मात्र चारच दिवस झाले होते.

जावईबापू चहाला आत गेले, तसं मी हळूच विचारलं, "गुरुजी, बैल कोणाचा होता?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "आपलाच. तिगावच्या वावरातला. खुंटा नव्हता, म्हणून पाइपले बांधला. पूजा करून ही माडीवर गेली, अन् इकडं डफडं वाजलं. देल्ला त्यानं हिसका."

"अन् काकूंवर आळ येऊन राहिला न."

"जावयाचं बोलणं खोडाचं कसं, मिस्त्री?"

मी चिरलेला तुकडा छिन्नीनं काढला, नवा बसवला. जोडात सुतळी ठासली, वर वितळलेलं शिसं ओतलं आणि ते ठोकून घट्ट केलं. जोडात पाण्याचा थेंब असला तर शिसं उसळून तोंडावर येतं. दोन दिवस मोरी बंद होती, तेवढा जावईबापूंचा उपयोग झाला.

काकू पाण्याची बादली घेऊन माडीकडे निघाल्या. जावईबापू म्हणाले, "कोमटच ना?"

गुरुजी खाकरले. "कढत टाक. पाइप बैलानं तोडला. मीच बांधला होता."

काकू पायरीवर थांबल्या. "माझी लेक दोन दिवस बिनआंघोळीची, अन् तुमी बैलासारखे उभे राहून पाहून राहिले?"

जावईबापूंनी एक पेन काढून पुन्हा खिशाला लावलं.

थोड्या वेळानं पाइपातून पाणी खळखळत उतरलं आणि वर बाळानं भोकाड पसरलं. मी जोडावरून हात फिरवला. पाइप चांगला तापला होता, जोड कोरडा होता.

पुढच्या पोळ्याला त्या अंगणात सागाचा खुंटा होता. बीड कढत पाणी सोसतं, हिसका सोसत नाही. गुरुजींनी त्या दिवशी दोन्ही सोसलं.