उल्हासरावांची वामकुक्षी

नाकावर मास्क लावून झोपणारा माणूस सोयऱ्यांना कसा दिसेल, या काळजीपायी अमेरिकेतल्या कॅरी गावच्या उल्हासरावांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला.

उल्हासराव मूळचे नागपूरचे. औषध कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतात. कामात चोख, पण ‘लोक काय म्हणतील’ याला जन्माचे भ्यालेले. मध्यंतरी त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले, तेव्हा त्याचं मूळ झोपेत सापडलं. झोपेत त्यांचा घसा मिटतो, श्वास अडतो, ठोके मंदावतात. मग धापकन श्वास परततो आणि हृदय उधळतं. रोजच्या या ओढाताणीत त्याचा ताल सुटत चालला होता. झोपेत नाकावाटे हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन मिळालं; दुपारची डुलकी घेतली तरी त्याचा मास्क लावायचाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मुलाचं, शंतनूचं लग्न शिवांगीशी ठरलं. शिवांगीच्या आईवडिलांनी सगळ्यांना शार्लट शहरातल्या आपल्या घरी राहायला बोलावलं. गाडीत शोभनाताईंनी विचारलं, “अहो, मशीन घेतलं ना?”

“मागे गाडीच्या ट्रंकमध्ये आहे गं.”

मशीन घरी कपाटात होतं. भल्या माणसाने बायकोशी खोटं बोलावं, तेही असं!

श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. शिवांगीचे वडील अनिलराव म्हणाले, “आता जरा आडवे व्हा. पाहुण्याला वामकुक्षीशिवाय सोडत नाही आम्ही.” नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. उल्हासराव सोफ्यावर कलंडले.

घोरणं सुरू झालं. “शंतनू, बाबांनी जनरेटर चालू केला बघ!” अनिलराव म्हणाले आणि सगळे हसले. मग घोरणं एकदम थांबलं. छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून श्वास येईना. शोभनाताईंनी धावत जाऊन त्यांना गदागदा हलवलं. मोठा आचका देऊन ते उठले, घामाने डबडबलेले. शोभनाताईंनी नाडी धरली. एक ठोका लांब, पुढचे दोन घाईचे.

“शंतनू, मशीन आण ट्रंकमधून!”

“नाहीये तिथे,” उल्हासराव पुटपुटले. “घरी ठेवलं. म्हटलं, यांना वाटेल, मुलाच्या घरात आजारपण आहे.”

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शंतनूने हॉस्पिटलला न्यायला गाडीची किल्ली उचलली.

शिवांगीची आई, वृंदाताई, हळूच म्हणाल्या, “आजारपण कुणाकडे नसतं, भाऊ? पण आज तुम्हाला काही झालं असतं, तर आमची पोर पांढऱ्या पायाची ठरली असती. तुमच्याच लोकांनी ठरवली असती.”

“व्हॉट डझ दॅट मीन, आई?” शिवांगीने विचारलं. इथेच जन्मलेली पोर, तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. वृंदाताईंनी तोंड फिरवलं.

शेवटी उल्हासरावांनीच सांगितलं, “जिच्या पायगुणाने सासरचं माणूस गेलं असं लोक म्हणतात ना, ती.”

बोलताना त्यांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी मान खाली घातली, तर समोर तिचे अनवाणी पाय होते.