दिवस असेपर्यंतची सारंगी

माझ्या आयुष्यातले सगळे मोठे धक्के मला एकाच माणसाने दिले, आणि त्यातला फक्त एक विजेचा होता. हा माणूस म्हणजे शेलूबाजारचे आमचे घरमालक. सत्तरच्या दशकात मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या कापडदुकानाच्या माडीवर राहत होतो. जैन माणूस, पाणी गाळून पिणारा, दिवस मावळायच्या आत जेवून घेणारा, आणि बोलण्यात इतका काटकसरी की गिऱ्हाइकाला भावसुद्धा बोटांनी सांगायचा. दिवसभर हातात मीटरची पट्टी, मोकळा वेळ काय तो दिवेलागणीनंतरचा. असा माणूस एके सकाळी जिना चढून वर आला आणि म्हणाला, "मास्तर, मले सारंगी घरात पाह्यजे." मी हादरलोच. या वयात शिकायला निघाले की काय! पण त्यांना हवा होता तबकड्या ऐकायला स्टिरिओ, आणि त्याचा अँप्लिफायर व्हॉल्वचाच, म्हणजे ज्यात काचेच्या नळ्या तापून लाल होतात तो.

तेव्हा ट्रान्झिस्टरचा जमाना सुरू झाला होता. अकोल्याच्या दुकानदाराने मोठ्या ऐटीत नवाकोरा चकचकीत सेट लावला. घरमालक खुर्ची सोडून खाली फरशीवर बसले, डोळे मिटले आणि सारंगी वाजत असताना धोतराचा काठ दोन बोटांत चोळू लागले. आम्ही सगळे बघतच राहिलो. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, "टेरिकॉट."

"काय म्हणाले?" दुकानदाराने मला विचारलं.

"हा आवाज टेरिकॉट हाय. चमकते, टिकतेबी, पण अंगाले लागत नाही. सुती दाखवा."

त्या दुकानदाराचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्याने तर दोन पेट्या मांडल्या, एक आवाज सुधारणारी आणि दुसरी तो वाढवणारी. घरमालक दचकून मागे सरले. "एका घरात दोन चुली? काहून, भांडण झालं का यायचं?" त्यांना सगळं एका पेटीत नांदणारं हवं होतं. असा एकत्र कुटुंबातला, सुती आवाजाचा अँप्लिफायर शोधत आम्ही किती एसट्या बदलल्या, ते आमच्या हाडांना विचारा. शेवटी नागपुरात एका जुन्या दुकानाच्या मागच्या खोलीत, धुळीखालून एक पेटी निघाली. सारंगी सुरू झाली आणि काठ चोळणारी बोटं थांबली. "धुतलेलं सुती," ते म्हणाले आणि त्याच काठाने डोळे पुसू लागले. मी घाईघाईने दुसरीकडे पाहिलं.

भादव्यातली संध्याकाळ होती. लवकर जेवणं उरकून शेजारीपाजारी ऐकायला जमले. दिवा मंद केला, नळ्या लाल झाल्या, सारंगी अशी भरून आली की नेहमी कुरकुरणाऱ्या घरमालकीण काकूसुद्धा गप्प झाल्या. आणि खिडकीतून दिव्यावर येतं तसलं एक पाखरू आलं, त्या लाल उजेडावर झेपावलं आणि चट् असा आवाज झाला. मग दुसरं आलं. दुकानातून दुकानात भर दिवसा हिंडलेल्या आम्हा दोघांनाही हे सुचलं नव्हतं. घरमालकांनी झडप घालून वायर उपटली.

एक पाखरू फटीतून पेटीच्या पोटात पडलं होतं. वायर काढलेलीच होती, म्हणून मी खालची पट्टी उघडून बेधडक हात घातला. व्हॉल्वच्या पेटीत बंद केल्यावरही वीज दबा धरून बसते हे मला त्या क्षणी कळलं. मी भिंतीला जाऊन आदळलो.

"पाखरू?" घरमालकांनी विचारलं.

"मेलं."

"तुमी?"

"मी आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन बसले. इतका खचलेला माणूस मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. मी सुचवलं, पेटी परत करा, ट्रान्झिस्टरचा आणा, तो तापतही नाही आणि पेटतही नाही. त्यांनी मान हलवली. "सूर्य बुडाल्यावर मी जेवत नाही, त ऐकाचं काहून?"

पण दिवसा दुकान होतं. तो माणूस आता सारंगीला कायमचा मुकला, असंच आम्हाला वाटलं. आणि पुढच्या आठवड्यात, भर बाजाराच्या दिवशी, ऊन कलताच त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या. गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन बाहेर, आत सारंगी. अख्खा बाजार चकित. "माह्या लग्नातबी यायनं दुकान बंद नाही केलं!" काकू फळ्यांकडे बघून म्हणाल्या. मग ते रोजचंच झालं. ऊन भिंतीवरून उतरून गेलं की ते उठायचे आणि सूर अर्धा असला तरी पेटी बंद करायचे.

पुढे माझी मानोऱ्याला बदली झाली. बऱ्याच वर्षांनी ते गेल्याचं कळलं, आणि पाठोपाठ काकूंनी एका माणसाबरोबर सुती चादरीत गुंडाळलेली ती पेटी माझ्याकडे धाडली. तो शेवटचा धक्का.

मी जैन नाही. आमच्या खिडक्यांना बारीक जाळ्या आहेत, एक डास आत येत नाही. बायको म्हणते, ऐका की थोडं, आत्ता कुठे रंगात आलंय. पण ऊन भिंतीवरून उतरलं की माझा हात बटणाकडे जातो. मग नळ्या विझेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहतो.