बांबूतला खडा

बांबू हलवून त्याच्या पोटातलं ओळखावं ते बुधानंच. कोळगावच्या पलीकडच्या पाड्यावर कुणाचं लेकरू खोकायला लागलं की सगळे बुधाकडं धाव घ्यायचे. तो बांबूच्या बेटात शिरायचा, एकेक बांबू कानाशी धरून हलवायचा आणि आत खुळखुळलं की कोयत्यानं कांडं फोडून वंशलोचनाचे, खोकल्यावरच्या औषधाचे, पांढरे खडे काढून द्यायचा. मोबदला म्हणाल तर एक विडी. ऐट मात्र राजाची.

वयाच्या ऐंशीच्या सुमारास त्याचे कान गेले आणि सगळे बांबू मुके झाले. लोक यायचे थांबले. म्हाताऱ्याचं जेवणावरचं मनही उडालं.

मुलगा सुका बोईसरच्या एका कारखान्यात लागला होता. तिथं वाळूपासून केलेल्या रसायनात ॲसिड घालून पांढरे खडे बनवत, डब्यातली ओल शोषायला. तिथले केमिस्ट एकदा सहज म्हणाले, "बांबूही हेच करतो रे. जमिनीतली वाळू विरघळून त्याच्या रसात चढते. रसात डिंकासारखे, लांब साखळ्यांचे पदार्थ असतात. ते तिला धरून ठेवतात, आकार देतात. आपण ते काम ॲसिडकडून करून घेतो."

सुकानं त्यातलं ‘हेच’ तेवढं ऐकलं. मूठभर खडे आणले, एका बांबूला भोक पाडून आत सोडले, मेणानं बुजवलं आणि बापाला बेटात नेलं.

बुधानं बांबू हलवला. तळव्याला थरथर लागली. कांडं फोडलं, तर खडे वाटोळे, गुळगुळीत, सगळे सारखे. बांबूतला खडा असा कधी नसतो. तो आतल्या भिंतीला चिकटून वाढतो, तिच्यासारखाच वाकतो. पण पोराचा फुललेला चेहरा बघून म्हाताऱ्यानं ते खडे खरेच असल्यासारखे मुठीत घेतले. त्याला रडूच येत होतं. इतकी माया त्याच्यावर कुणी केली नव्हती.

पाड्यावर मात्र बोभाटा झाला, बुधाला पुन्हा ऐकू येतंय! शेजारची बायडी खोकणारं पोर कडेवर घेऊन आली आणि तिनं हात पसरला.

बुधानं मूठ मिटली. "नाय बाय. ह्ये बांबूचं नाय, कारखान्यातलं हाय. माजं कान ग्येलं. पोराला डाक्टरकडं ने."

चारचौघांत सांगितलं. सुकाची मान खाली गेली.

सुट्टीच्या दिवशी म्हाताराच त्याला बेटात घेऊन गेला. "मी हलवतो. तू ऐक."

सुकानं बांबूला कान लावला. बुधानं जोरात हलवलं आणि मोठ्या आशेनं त्याच्याकडं पाहिलं. आत काहीच वाजलं नाही. सुकानं नकारार्थी मान हलवली.

"शाब्बास," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं दुसऱ्या बांबूला हात घातला.